काचेवरचा त्रिकोण

दादानं अण्णांच्या गाडीत बसवलेला तो हिरवा आकडा मला कधीच दिसला नाही. तो फक्त गाडी चालवणाऱ्याला दिसायचा. शेजारी बसणाऱ्याला समोर नुसती एक तिरकी काच दिसे आणि तिच्या पलीकडे रस्ता. मी कितीदा मान वाकडी करून पाहिलं. दादा हसायचा. म्हणायचा, "तुझ्यासाठी नाहीच ते. तू कुठं गाडी चालवतेस?" मला ते पहिल्यापासून आवडलं नव्हतं. दोन माणसं एकाच गाडीत बसून एकाच रस्त्यानं चालली आहेत आणि त्यातल्या एकालाच काहीतरी दिसतंय, हे लक्षण मला बरं वाटेना. पण माझ्या बोलण्याला घरात कुणी भीक घालत नसे. मी शाळेत मुलांना इतिहास शिकवत होते आणि यंत्रातलं मला काय कळतं, असा सगळ्यांचा समज होता. तो बराचसा खराही होता.

अण्णा म्हणजे आमचे वडील. आम्ही बसवनगुडीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हीकडे दोन्हींची भेसळ. अण्णांची स्वतःची टॅक्सी होती, पांढरी, गोल पाठीची जुनी गाडी. तिच्यावर त्यांनी आम्हा दोघा भावंडांना वाढवलं, शिकवलं. पण त्यांना त्या गाडीचं कौतुक होतं ते काही एवढ्यासाठीच नव्हे. गाडीत बसले की अण्णा ताठ बसायचे. एरवी घरात चार शब्द न बोलणारा माणूस, स्टिअरिंग हातात आलं की कुठल्या गल्लीत कुणाचं घर होतं, कुठलं झाड कधी पडलं, सगळं सांगत सुटायचा.

रोज सकाळी ते बॉनेट उघडायचे. पाणी बघायचे, इंजिन ऑइल बघायचे, ब्रेक ऑइलच्या डबीचं बूच काढून आत डोकावायचे. मग आत बसून ब्रेकचं पेडल दोन-तीनदा दाबून बघायचे. बॉनेट धाडकन बंद झालं की आई स्वयंपाकघरात दूध गरम करायला ठेवी, म्हणजे अण्णा हात धुऊन येईपर्यंत कॉफी तयार. आमच्या घराची सकाळ त्या धाडकन आवाजानं सुरू होत असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, अण्णा साठीला टेकले तेव्हा त्यांना जवळचं दिसेनासं झालं. लांबचं लख्ख दिसे. दूरवरून येणाऱ्या बसचा नंबर ते आमच्या आधी वाचायचे, पण समोरच्या मीटरमधला काटा त्यांना धुरकट दिसायचा. लांबचं आणि जवळचं एकाच भिंगात असलेला चष्मा करून आणला तर चक्कर यायला लागली. पायरी कुठं आणि पाय कुठं कळेना. तो चष्मा त्यांनी कपाटात टाकला आणि आम्हाला काही न सांगता गाडी चालवत राहिले. मग एकदा म्हैसूर रस्त्यावर, गाडीत नेहमीचं गिऱ्हाईक असताना इंजिन उकळलं. काटा केव्हाचा लालवर गेलेला होता. अण्णांना तो दिसलाच नव्हता. वाफेत उभं राहून त्या गृहस्थांनी त्यांना सांगितलं, "अण्णा, आता पुरे करा. घरी बसा."

अण्णा घरी आले आणि जेवले नाहीत. आई म्हणाली, "अहो, बसा की घरी. पोरं कमावती झालीत." अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. घरी बसलेले अण्णा म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. त्यांचा एक मित्र रिटायर होऊन वर्षभरात खचला होता. गाडी सुटली की हा माणूस संपेल, ही भीती तेव्हापासून घरात आमच्याबरोबर वावरायला लागली.

दादा राजाजीनगरमध्ये एका लहान कारखान्यात होता. तिथे भिंगं घासत. विमानाच्या उपकरणांना लागणारी भिंगंही घासत. लढाऊ विमान चालवणाऱ्याला मान खाली घालून मीटर बघायला वेळ नसतो, म्हणून आकडे त्याच्या डोळ्यांसमोरच्या काचेवर दाखवतात, हे तो आम्हाला जेवताना सांगायचा. काचेवर दाखवतात पण काचेवर दिसत नाहीत, लांब आभाळात तरंगताना दिसतात, म्हणजे नजर दूरची जवळ आणावी लागत नाही. आम्ही "हो का" म्हणून भाजी वाढून घ्यायचो. अण्णांचं ते म्हैसूर रस्त्याचं झाल्यावर दादा एकदम म्हणाला, "अण्णांना लांबचं दिसतं ना? मग मीटरच लांब नेऊ या."

मालकानं त्याला टाकाऊ भिंगं दिली. बाकीची जोडाजोड दादानं घरी, मधल्या खोलीत केली. डब्यासारखी एक काळी पेटी, तिच्यात टीव्हीसारखी पण लहानशी, हिरव्या उजेडाची नळी, वर आभाळाकडे तोंड केलेलं भिंग आणि भिंगाच्या डोक्यावर ती तिरकी काच. पेटी स्टिअरिंगच्या पुढं बसवली. काचेत मधोमध वेगाचा आकडा दिसे. उजव्या कोपऱ्यात एरवी काही नसे, पण इंजिन तापलं किंवा ब्रेक ऑइल कमी झालं, की तिथं एक त्रिकोण उमटायचा.

अण्णा पहिल्यांदा बसले तेव्हा मी शेजारी होते. "अय्यो," ते म्हणाले, "हा आकडा तर रस्त्यावर पडलाय!" त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. बसवनगुडीतून निघून लालबागेला वळसा घालून आलो, तेवढ्या वेळात त्यांनी मला दहा वेळा वेग वाचून दाखवला. "पुट्टी, बत्तीस. आता एकोणतीस." मला ते लाडानं पुट्टी म्हणत. घरी आल्यावर त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायला विसरले. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू. पण समोरची ती काच मला मोकळीच दिसत होती, आणि अण्णा त्या मोकळ्या जागेकडे पाहून हसत होते, ते काही मला विसरता येईना.

मग एका सकाळी बॉनेटचा आवाज आला नाही. आईनं थोडी वाट पाहिली, दूध उतू गेलं. "आज बघितलं नाही का गाडीचं?" तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, "त्रिकोण आला की बघू. आला नाही म्हणजे सगळं सरी, सगळं ठीक." दादाही म्हणाला की बरोबर आहे, त्यासाठीच तर केलंय. दुसऱ्या दिवशीही आवाज आला नाही, तिसऱ्या दिवशीही. पेडल दाबून बघणंही हळूहळू सुटलं. आई घड्याळ बघून दूध तापवायला लागली. मी म्हटलं, "अण्णा, बघितलं तर काय बिघडतं?" ते हसले. म्हणाले, "तू मुलांचे पेपर एकदा तपासले की पुन्हा तपासतेस का?"

दुसरंही एक माझ्या लक्षात यायला लागलं होतं. अण्णांची नजर पूर्वी सगळ्या रस्त्यावर फिरायची, आता ती एका जागी टिकायला लागली. गांधी बाजारात एकदा एक सायकलवाला आडवा आला. मी ओरडले तेव्हा अण्णांनी ब्रेक मारला. सायकलवाला कन्नडमध्ये उद्धार करत गेला. "मी बघतच होतो," अण्णा म्हणाले. ते बघत होते, यात शंका नव्हती. काय बघत होते, ते मला माहीत होतं. घरी येऊन दादाला सांगितलं तर तो म्हणाला, सवय व्हायला वेळ लागतो. मी चिडले आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तेवढ्यानं काही झालं नाही, हे सांगायला नकोच.

त्या पेटीला एक टोपी होती. कॉफी पावडरच्या डब्याचं झाकण, दादानं काळं रंगवलेलं. गाडी उन्हात उभी केली की ते भिंगावर घालायचं, असा त्याचा नियम होता. "लहानपणी भिंगानं कागद जाळायचो ना आपण?" त्यानं अण्णांना समजावलं होतं. "ऊन वरून शिरलं तर आतली नळी तशीच जळेल." अण्णा हा नियम देवाच्या नियमासारखा पाळत. गाडी थांबली की आधी टोपी, मग हँडब्रेक. आईला हे कुणी सांगितलं नाही. सांगायचं कारणच नव्हतं. वर्षातून एक दिवस सोडला तर आईचा गाडीशी काही संबंध नसे.

तो एक दिवस म्हणजे आयुधपूजा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं, अवजारं मांडून त्यांची पूजा होते, आणि गाडीची पूजा घरची बाई करते. पूजा झाली की त्या दिवशी गाडीला विश्रांती. ती हलवायची नाही. दसऱ्याच्या सकाळी चाकांखाली लिंबं ठेवायची, ती चिरडून गाडी निघायची. त्या वर्षी अण्णांनी पहाटेच गाडी धुतली, दारासमोर पूर्वेकडे तोंड करून उभी केली, बंपरला केळीचे खुंट बांधले, आणि दादाबरोबर बसनं राजाजीनगरला गेले. कारखान्याच्या मालकानं पूजेला दोघांनाही बोलावलं होतं. "ह्या पोराचा बाप आहे मी," असं अण्णांना तिथं मिरवायचं होतं, हे आम्हाला कळत होतं.

आईनं नवी साडी नेसली. मी ताट धरलं. तिनं शेवंतीची माळ घातली, बॉनेटवर हळदीकुंकवाचं बोट ओढलं, स्टिअरिंगला, चाकांना कुंकू लावलं. मग आत वाकून त्या पेटीपाशी थांबली. म्हणाली, "ह्याच्यामुळं तर ह्यांची गाडी राहिली. ह्याचं तोंड झाकून कशी करायची पूजा?" आणि तिनं ते काळं झाकण काढून माझ्या ताटात ठेवलं. पेटीच्या कडेला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले. माझ्या आईनं आयुष्यात एवढ्या मनापासून कशाला हात जोडलेले मी पाहिलेले नाहीत. ऊन समोरून सरळ आत येत होतं. भिंग इतकं चमकत होतं की माझी नजर ठरेना. मला ते सुंदर वाटलं.

पूजा झाल्यावर देवासमोरचं उचलायचं नाही, म्हणून झाकण तसंच ताटात राहिलं. आम्ही स्वयंपाकाला लागलो. पुरण, कोसंबरी, पायसम. दोघं जेवायला यायच्या आधी आईला आठवण झाली. "त्यांना उघडं ठेवलेलं आवडत नाही," म्हणत ती बाहेर गेली आणि झाकण घालून आली. कुणाला काही सांगायची गरज तिला वाटली नाही, मलाही नाही.

दसऱ्याला लिंबं चिरडून गाडी निघाली. आकडा छान दिसत होता. त्रिकोण नव्हता, म्हणजे सगळं ठीक होतं. दिवाळी झाली. घरात सगळं सुरळीत होतं आणि मी मात्र अण्णांच्या शेजारी बसले की दाराची मूठ धरून ठेवायची. मी स्वतःलाच हसायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी अण्णा मला मावशीकडे घेऊन निघाले. मावशीनं बेळ्ळंदूरच्या पुढं नवं घर बांधलं होतं. तेव्हा तिकडे गावच होतं. तळं, भाजीचे मळे आणि मधूनच नव्या रिंग रोडसाठी टाकलेले माती-खडीचे ढीग. रस्ता मोकळा होता. अण्णा खुशीत होते, जुन्या तळ्यांची नावं सांगत होते. तळ्याच्या बांधाकडे रस्ता उतरतो तिथं खाली काही बायका धुण्याची गाठोडी डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत होत्या. लांब होत्या. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं.

अण्णांनी ब्रेक दाबला. त्यांचा पाय खाली गेला तो टेकेपर्यंत गेला. त्यांनी पुन्हा दाबला. आणि मग त्यांनी जे केलं ते मला अजून दिसतं. त्यांनी काचेच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं. समोर बायका, हातात स्टिअरिंग, आणि हा माणूस काचेच्या त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघतोय. "त्रिकोण नाही," ते म्हणाले. मला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. "त्रिकोण नाही गं." मी किंचाळले, "अण्णा, समोर!" तेव्हा त्यांनी तिथून नजर काढली, गाडी डावीकडे घेतली आणि खडीच्या ढिगात घातली.

बायका वाचल्या. माझा हात मोडला. अण्णांचा पाय मांडीत मोडला, आणि ती तिरकी काच फुटून तिचा तुकडा त्यांच्या उजव्या डोळ्यात शिरला. डॉक्टरांनी तो डोळा काढला. ज्या डोळ्यांना लांबचं लख्ख दिसायचं त्यातला एक गेला, आणि अण्णांची गाडीही त्याच दिवशी सुटली.

मेकॅनिकनं सांगितलं, मागच्या चाकाशी ब्रेकची नळी कितीतरी दिवस गळत होती. "स्वल्प स्वल्प होगिदे," तो म्हणाला, थोडं थोडं करत गेलंय. बॉनेट उघडून कुणी डबी बघितली असती तर कळलं असतं. दादानं पेटी घरी आणली आणि मधल्या खोलीत दार लावून उघडली. थोड्या वेळानं त्यानं मला आत बोलावलं. नळीच्या काचेवर एक तपकिरी डाग होता, नखाएवढा. नेमका त्रिकोणाच्या जागी. त्रिकोण उमटत होता, कदाचित आठवडाभर उमटत होता, पण जळलेल्या जागेवर तो दिसणार कसा? "उन्हानं जळलंय," दादा म्हणाला. "पण अण्णा टोपी विसरणं शक्य नाही." मी भिंतीला टेकून बसले. मग मी त्याला आयुधपूजेचं सांगितलं.

त्यानं नळी पुन्हा पेटीत ठेवली. मग म्हणाला, "गाडी सुरू केली की त्रिकोण एकदा आपोआप उमटेल, म्हणजे तो चालतोय हे कळेल, अशी सोय करायची होती मला. पुढच्या पेटीत करू म्हटलं." आणि मग म्हणाला, "आधी अण्णांना सांगतो."

आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये गेलो. आई डबा आणायला घरी गेली होती. अण्णांच्या डोळ्यावर पट्टी होती, पाय वर टांगलेला. दादानं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. अण्णांनी ऐकून घेतलं. त्यांचा उघडा डोळा छताकडे होता. मला वाटलं ते रडतील.

"तिनं मनापासून केली पूजा?" त्यांनी मला विचारलं.

"हो अण्णा."

"मग तिला हे कळता कामा नये. ती जगायची नाही." ते दादाकडे वळले. "मशीनचा दोष होता. मशीनच चुकीचं होतं. तिला तेच सांग."

"मशीन मी केलंय, अण्णा."

"माहितेय मला," अण्णा म्हणाले. "म्हणून तुलाच मागतोय."

दादानं मान डोलावली. त्या वेळी त्याचं वय तिशीच्या आतलं होतं. मला बापाचा इतका राग आला होता आणि इतकी मायाही, की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

दादानं आईला सांगितलं, मशीन चुकलं. आईनं त्याला शिव्या दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती त्याला वाढायची, त्याचे कपडे धुवायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. त्यानं पुन्हा असली पेटी केली नाही. कारखान्यात भिंगं घासायचा, घरी येऊन अण्णांना धरून अंगणात चालवायचा.

पुढच्या वर्षीची आयुधपूजा आली. अंगणात गाडी नव्हती, ती भंगारात गेली होती. पाटावर घरातल्या सुऱ्या, विळी, माझी कात्री, अण्णांनी जपून ठेवलेली गाडीची किल्ली असं मांडलं होतं. दादानं त्याची हत्यारांची पिशवी आणून पाटाशी रिकामी केली. तिच्यात ती पेटी होती. तळाशी राहिली होती, त्याच्याही लक्षात नव्हतं. पेटीवर ते काळं झाकण घट्ट बसवलेलं होतं.

आई एकेका वस्तूला कुंकू लावत आली आणि पेटीपाशी थांबली. ताट तिनं खाली ठेवलं. वर्षभरात पहिल्यांदा ती दादाकडे सरळ बघत बोलली.

"ह्याला नाही लावायची मी. काय कमी केलं होतं रे मी ह्याचं त्या दिवशी? तोंड झाकलेलं नको म्हणून टोपीसुद्धा काढली होती. उघड्या उन्हात उभी राहून हात जोडले होते. तरी हे उलटलं माझ्यावर."

अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी उरलेला डोळा मिटून घेतला. मी दादाकडे बघितलं.

"हो आई," दादा म्हणाला. "तू काही कमी केलं नव्हतंस." आणि त्यानं पेटी उचलून पिशवीत टाकली.